मर्चंट नसता तर...

माळव्यातील जुन्या मराठी घरांत क्रिकेटचा विषय निघाला की बोलणे फिरून फिरून होळकर संघापाशी येते आणि तिथे आले की कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणते, "मर्चंट नसता तर!" हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. उज्जयिनीतल्या ज्या पिढीने फतेहाबादवरून जाणाऱ्या छोट्या लाइनीच्या गाडीने इंदूर गाठून यशवंत क्लबच्या मैदानावर सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांचा खेळ डोळे भरून पाहिला, ती पिढी आता जवळजवळ मावळली आहे. तिने मागे ठेवलेल्या आठवणींत अभिमान आहे, तसे एक शल्यही आहे. होळकर संघ देशातला अव्वल संघ होता. त्याच्या वाट्याला याहून अधिक अजिंक्यपदे यायला हवी होती. ती आली नाहीत, कारण मुंबईपाशी विजय मर्चंट होते आणि बडोद्यापाशी विजय हजारे होते, असा त्या शल्याचा सारांश. दोन विजयांनी मिळून आमचा विजय पळवला, अशी कोटीही त्यावर केली जाई.

ही समजूत एकदा कागद-पेन्सिल घेऊन तपासावी, असे आम्हाला बरेच दिवस वाटत होते. समोरच्या संघात एकच असामान्य खेळाडू आहे, सगळा संघ त्याच्याभोवती उभा आहे, तर अशा संघाला हरवावे कसे? प्रश्न साधा दिसतो. होळकर संघाच्या इतिहासात तो एवढ्या वेळा आणि एवढ्या निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला आहे, की त्याचे उत्तर शोधायला माळव्याबाहेर फारसे जावे लागू नये.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. खरे पाहता उज्जयिनी ही शिंद्यांची. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली आपली राजधानी ग्वाल्हेरास नेली, तरी संस्थाने विलीन होईपर्यंत हे शहर शिंदेशाहीतच होते. १८०१ साली यशवंतराव होळकरांनी याच शहरापाशी शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि त्याच वर्षी सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून त्याचे उट्टे काढले. एवढे वैर पोटात असलेली ही दोन गावे! पण क्रिकेटने त्यावर पाणी पाडले. ग्वाल्हेरचा संघ रणजी स्पर्धेत उतरला तो १९४३-४४ च्या एकाच हंगामात. शिंद्यांच्या उज्जयिनीने होळकरांचा संघ आपला मानला, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

या संघाची मुळे तुकोजीराव होळकर तिसरे यांच्यापर्यंत जातात. त्यांनी १९२३ साली नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदुरास बोलावून आपल्या फौजेत हुद्दा दिला. पुढे त्यांचे चिरंजीव यशवंतराव महाराज यांच्या आश्रयाने संघ बहरला आणि १९४१-४२ पासून होळकर या नावाने रणजी स्पर्धेत खेळू लागला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत या संघाने दहा वेळा अंतिम सामना गाठला. हुकला तो फक्त १९४८-४९ चा. या दहांपैकी चार सामने जिंकले आणि सहा गमावले. ज्या संस्थानाची राजधानी मुंबईच्या मानाने लहानसे गाव होती, त्याच्या संघाने अकरांत दहा वेळा अंतिम सामना खेळावा, ही गोष्ट आजही आम्हाला थक्क करते. पण शल्य आहे ते त्या सहांचे.

त्यातले पहिले आणि सर्वांत खोल गेलेले शल्य म्हणजे मार्च १९४५ चा मुंबईतील ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा अंतिम सामना. मुंबईचे कर्णधार विजय मर्चंट. त्यांची रणजी सामन्यांतील सरासरी शंभराच्या आसपास आणि एकूण प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सरासरी ७१ हून अधिक. या बाबतीत त्यांच्या पुढे नाव सांगावे तर ब्रॅडमन यांचेच. आमच्या मुश्ताक अलींना तर मर्चंट काय चीज आहे हे जवळून ठाऊक होते. १९३६ साली मँचेस्टरच्या कसोटीत या दोघांनी सलामीला २०३ धावांची भागी रचली होती. मुश्ताक ११२, मर्चंट ११४. परदेशात साहेबाला घाम फोडणारी ही जोडी देशात परतली की एकमेकांसमोर उभी राही.

मर्चंट यांना बाद करण्यासाठी होळकरांनी जी भिस्त ठेवली ती मुख्यतः सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांच्या लेगब्रेक गोलंदाजीवर. सी. एस. त्याआधी बडोद्याकडून खेळत. १९४४-४५ मध्ये ते होळकरांकडे आले. शिवाय त्या वर्षी होळकरांनी एक हुकमी पान हाताशी ठेवले होते. युद्धाच्या निमित्ताने इंदुराजवळच्या महू छावणीत दाखल झालेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळत होता. हा गडी इंग्लंडात उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात आर्सेनल क्लबकडून फुटबॉल खेळे, आणि दोन्हींत नावाजलेला. म्हणजे मर्चंटच्या तोडीचा फलंदाज आपल्याही पदरी असावा, ही तजवीज झालेली होती.

सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता. मुंबईने पहिल्या डावात ४६२ धावा केल्या, होळकरांनी ३६०. त्यांत मुश्ताक अलींच्या १०९. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ धावांचा डोंगर रचला. मर्चंट यांच्या एकट्याच्या २७८. होळकरांना जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. त्यांनी ४९२ केल्या. मुश्ताक यांचे सामन्यातले दुसरे शतक, १३९. आणि कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. मुंबई ३७४ धावांनी जिंकली. दोन्ही संघांच्या मिळून २,०७८ धावा झाल्या.

आता हिशेब पाहा. मर्चंट यांच्या २७८ धावा मुंबईच्या खात्यातून सरळ खोडून टाकल्या, तरी मुंबई ९६ धावांनी जिंकतेच. खेळ हा काही वजाबाकीचा हिशेब नव्हे, हे आम्ही जाणतो. मर्चंट लवकर गेले असते तर पुढचे फलंदाज वेगळे खेळले असते, गोलंदाजांना हुरूप आला असता, हे सगळे खरे. तरीसुद्धा "मर्चंट नसता तर" या वाक्यातली हवा या एका आकड्याने बरीचशी निघून जाते. त्या संघात रुसी मोदी होते. त्यांनी या अंतिम सामन्यात ९८ आणि १५१ धावा केल्या आणि त्या हंगामात पाच सामन्यांत १,००८ धावा काढल्या. रणजी स्पर्धेच्या एका हंगामात हजाराची मजल गाठणारे ते पहिले फलंदाज. रुसी कूपर होते, त्यांनीही याच सामन्यात शतक झळकावले. मर्चंट हा तंबूचा मधला खांब होता खरा, पण तो तंबू एकखांबी नव्हता.

उलट होळकरांचे पाहा. गोलंदाजीचा भार सी. एस. यांनी वाहिला आणि किती वाहावा? दोन्ही डावांत मिळून १५२.५ षटके, म्हणजे ९१७ चेंडू! प्रथम दर्जाच्या एका सामन्यात एवढे चेंडू जगात कोणीही टाकलेले नाहीत. त्यांनी ११ गडी टिपले आणि ४२८ धावा दिल्या. या पराक्रमाचे आम्हा माळवेकरांना नेहमी कौतुक वाटत आले. आता मात्र त्यात आम्हाला एक चूकही दिसते, आणि ती सांगताना सी. के. यांच्याविषयीचा आमचा आदर तसूभरही कमी होत नाही. समोरच्या खांबाला आपल्याही एकाच खांबाने टक्कर द्यायची, असा तो खाक्या होता. मर्चंटसमोर सी. एस., आणि मर्चंटच्या धावांसमोर कॉम्प्टन. मर्चंट यांनी काय केले? सोबतचे गडी एकामागून एक तंबूत परतले आणि कॉम्प्टन शेवटपर्यंत नाबादच राहिला. दुसऱ्या डावातल्या ४९२ पैकी ३८८ धावा कॉम्प्टन आणि मुश्ताक या दोघांच्या. उरलेल्या नऊ जणांनी आणि अवांतर धावांनी मिळून १०४. असामान्य खेळाडू असलेल्या संघाला कसे हरवावे याचा वस्तुपाठ त्या सामन्यात होता, पण तो दिला मुंबईने आणि हरलेला संघ होता आमचा.

असाच आणखी ठळक दाखला त्याआधी सव्वा वर्ष, त्याच मैदानावर घडून गेला होता. डिसेंबर १९४३ च्या पंचरंगी सामन्यांची ती अंतिम लढत. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात मर्चंट नाबाद २५०. समोर 'रेस्ट' संघ, आणि त्यात सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे. रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ धावा झाल्या; त्यांतल्या ३०९ एकट्या हजारे यांच्या. धाकटे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली, त्यात विवेक यांचा वाटा २१ धावांचा. एवढा अचाट खेळ होऊनही रेस्ट संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. हिंदू संघाला हजारे यांच्यावर इलाज सापडला नाही; त्याची त्यांना गरजही पडली नाही.

हजारे यांच्याविषयी माळव्याला जरा अधिक हळहळ वाटावी, असे कारण आहे. उज्जयिनीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या देवासच्या थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांच्या आश्रयाला ते होते आणि ऑस्ट्रेलियाचे नामांकित लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना त्याच काळात लाभले. मध्य भारत संघाकडून, म्हणजे होळकर संघाच्या पूर्वावताराकडून, ते रणजी स्पर्धेत खेळलेही. पुढे ते बडोद्याच्या गायकवाडांकडे गेले. म्हणजे देवासच्या आश्रयाने वाढलेल्या माणसाने बडोद्याकडून इंदुराला नामोहरम केले. मराठी संस्थानांच्या इतिहासात ही तऱ्हा काही नवी नव्हे!

ते नामोहरम करणे घडले मार्च १९४७ मध्ये, बडोद्यास. होळकर पहिल्या डावात २०२. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत परतले तेव्हा सामना बरोबरीचा वाटत होता. मग गुल महंमद आणि हजारे यांची जोडी जमली ती ५७७ धावांची भागी करूनच फुटली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कोणत्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागी म्हणून हा विक्रम २००६ सालापर्यंत टिकला. त्या वर्षी श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी कसोटीत ६२४ धावा जोडून तो मोडला. बडोद्याच्या ७८४ धावा झाल्या. होळकर दुसऱ्या डावात १७३ वर बाद, आणि एक डाव व ४०९ धावांनी पराभव.

येथेही तोच हिशेब करून पाहावा. हजारे यांच्या २८८ वगळल्या तर बडोद्याच्या ४९६ उरतात आणि होळकरांच्या दोन्ही डावांची बेरीज ३७५ च होते. पराभव डावानेच. गुल महंमद यांच्याही धावा वगळल्या, तर मात्र बडोद्याचा डाव १७७ वर येतो आणि चित्र पालटते. म्हणजे येथे खांब दोन होते. शिवाय दुसऱ्या टोकाचा गडी लवकर उचलता आला नाही, की मग एकाला वेगळे पाडण्याची युक्ती चालत नाही, हेही येथे दिसते. अशा दिवशी गोलंदाजाने काय करावे, याला आमच्यापाशी उत्तर नाही. फलंदाजांनी दोन डावांत ३७५ हून अधिक धावा कराव्यात, एवढे मात्र म्हणता येते.

ज्या वर्षी होळकर पहिल्यांदा जिंकले त्या १९४५-४६ कडे पाहिले, तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध इंदुरात होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या आणि एका डावात सहा जणांनी शतके ठोकली : भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, भाऊसाहेब निंबाळकर आणि प्रतापसिंह. सहांपैकी चौघांची आडनावे वाचून आमच्या वाचकांची मान किंचित ताठ झाली, तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. सागरात जन्मलेले चंदू सरवटे तर आपल्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या नर्मदेच्या अलीकडे रुजलेल्या मराठी समाजातले. ज्या संघाकडे शतक करणारे सहा जण आहेत, त्याच्यातल्या कोणाला बाद करायचे यावर प्रतिस्पर्ध्याने डोके चालवण्यात अर्थच उरत नाही. पण मग अंतिम सामना आला. समोर बडोदे. होळकर ५६ धावांनी जिंकले, आणि त्यांत पन्नाशी उलटलेल्या सी. के. यांच्या २०० धावा होत्या. मर्चंट आणि हजारे यांना लावलेली वजाबाकी येथे आपल्यालाही लावायला हवी. सी. के. यांच्या धावा वगळल्या तर तो करंडक बडोद्याचा होता. त्या वेळी बडोद्याच्या घराघरांतही "नायडू नसता तर" असे कोणी म्हणाले असेलच की.

बलाढ्याच्या बलस्थानाशी झुंजू नये, ही गोष्ट माळव्यातल्या मराठी माणसाला नव्याने सांगावी लागू नये. आपण येथे आहोत तेच मुळी त्यामुळे. निजामुल्मुल्काचा तोफखाना त्या काळी हिंदुस्थानात नावाजलेला होता. १७२८ साली पहिल्या बाजीरावांनी त्या तोफांसमोर फौज उभी करण्याचे टाळले. निजामाच्या मुलखात इकडून तिकडे दौडत राहून त्याला आपल्या मागे यायला लावले. पाठलाग करताना जड तोफा निजामाला मागे ठेवाव्या लागल्या, आणि पालखेडापाशी पाण्यावाचून कोंडल्यावर त्याला तह करणे भाग पडले. १७३७ च्या डिसेंबरात भोपाळला प्रसंग उलटा होता : निजाम तोफखान्यासह पक्क्या जागी बसला होता. बाजीरावांनी त्या जागेवर हल्ला केला नाही, रसद तोडली. जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईला तह झाला आणि त्यात निजामाने माळवा मराठ्यांना देण्याचे कबूल केले. तोफा शेवटपर्यंत निजामापाशीच होत्या आणि चांगल्या स्थितीत होत्या.

याच्या नेमका उलट मार्गही जगाने पाहिला आहे. १९३० च्या इंग्लंड दौऱ्यात ब्रॅडमन यांनी पाच कसोटींत ९७४ धावा केल्या. १९३२-३३ मध्ये इंग्लंडचा कर्णधार जार्डिन ऑस्ट्रेलियाला गेला तो या एका माणसाचा बंदोबस्त करायला. लारवुडने फलंदाजाच्या अंगाच्या रोखाने आखूड टप्प्याचे वेगवान चेंडू टाकायचे आणि लेग बाजूला झेलकऱ्यांचे कडे उभारायचे, अशी ती योजना. ब्रॅडमन यांची मालिकेतील सरासरी ५६.५७ वर आली, आणि इंग्लंडने मालिका ४-१ अशी जिंकली. योजना यशस्वी झाली असे म्हणावे लागेल. पण लारवुड ३३ बळी घेऊनही पुन्हा इंग्लंडकडून कधी खेळला नाही, दोन देशांचे संबंध ताणले गेले आणि पुढे अशा गोलंदाजीवर बंधने आली. थोरले नवाब पतौडी त्या इंग्लंड संघात होते. पहिल्याच कसोटीत त्यांनी शतक केले, पण त्या लेग बाजूच्या कड्यात उभे राहायला नकार दिला आणि दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना संघाबाहेर बसावे लागले. आमचे मत विचाराल तर त्या मालिकेत आम्हाला सर्वांत मोठा वाटतो तो हा नकार.

तिसरा एक मार्ग आहे आणि तो समजून घेण्यासाठी क्षणभर अमेरिकेत डोकवावे लागेल. आमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांची मुले-नातवंडे तिकडे आहेत, तेव्हा हे अगदीच परके वाटणार नाही. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. आक्रमणाचा प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो, चेंडू कोणाकडे फेकायचा हे तोच ठरवतो. असा खेळाडू असामान्य असला की त्याला आवरणे अशक्यप्राय होते. पण त्या खेळात एक गोष्ट आहे : चेंडू प्रतिपक्षाकडे असेपर्यंत क्वार्टरबॅक मैदानाबाहेर बाकावर बसून असतो. जानेवारी १९९१ च्या अंतिम सामन्यात बफेलोच्या संघाकडे जिम केली नावाचा असा खेळाडू होता. न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी होता, बदली खेळाडू खेळत होता. त्यांनी सावकाश, थोडे थोडे पुढे सरकत, चेंडू आपल्याचपाशी ठेवला. साठ मिनिटांच्या खेळात चेंडू ४० मिनिटे ३३ सेकंद जायंट्सकडे होता. ते २०-१९ असे जिंकले. केलीला हरवण्याऐवजी त्यांनी त्याला बसवून ठेवले.

क्रिकेटमध्ये चेंडू आपल्यापाशी ठेवणे म्हणजे दीर्घ काळ फलंदाजी करणे. मर्चंट यांनी १९४५ मध्ये हेच केले होते. १०२ धावांची आघाडी हातात असताना त्यांनी होळकरांना ७६४ धावांपर्यंत उन्हात राबवले. तोपर्यंत कॉम्प्टन क्षेत्ररक्षण करीत होता.

होळकर संघाच्या पुढच्या वाटचालीविषयी थोडक्यात सांगतो. १९४७-४८ मध्ये होळकरांनी मुंबईला इंदुरात नऊ गडी राखून हरवले. पुढची दोन अजिंक्यपदे त्यांनी १९५०-५१ मध्ये गुजरातला आणि १९५२-५३ मध्ये बंगालला हरवून मिळवली. मर्चंट यांनी नोव्हेंबर १९५१ च्या दिल्ली कसोटीत १५४ धावा केल्या, त्याच सामन्यात त्यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्यांचा खेळ तेथेच थांबला. त्यानंतर काही महिन्यांनी मुंबई आणि होळकर अंतिम सामन्यात पुन्हा समोरासमोर आले. मर्चंट नव्हते. होळकर ५३१ धावांनी हरले! आमच्या वडीलधाऱ्यांच्या त्या वाक्याला इतिहासाने दिलेले हे सरळ उत्तर होते, परंतु ते ऐकायची कोणाची तयारी नसावी. कारण वाक्य काही बदलले नाही. १९५४-५५ मध्ये मद्रासकडून इंदुरातच ४६ धावांनी हरल्यानंतर होळकर हे नाव रणजी स्पर्धेतून गेले. संस्थान १९४८ मध्येच मध्य भारतात विलीन झाले होते. राजाच्या खजिन्यावर उभा राहिलेला संघ राजाच्या मागे सात वर्षे टिकला, हेच विशेष. आधी मध्य भारत आणि मग मध्य प्रदेश या नावांनी संघ खेळत राहिला, पण अंतिम सामन्याचे तोंड त्याला १९९८-९९ पर्यंत दिसले नाही.

तो सामना बंगळूरला कर्नाटकाशी झाला. मध्य प्रदेशाचे कर्णधार चंद्रकांत पंडित, मूळ मुंबईचे. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक आपला होता. शेवटच्या डावात २४७ हव्या असताना संघ १५० वर कोसळला आणि ९६ धावांनी हरला. कर्नाटकाच्या ज्या फलंदाजाची त्या हंगामात सर्वांत धास्ती होती, त्या विजय भारद्वाजने येथे घात केला तो आपल्या ऑफस्पिनने, सहा गडी बाद करून. हा आमच्या नशिबी आलेला तिसरा विजय.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, तेच चिन्नास्वामी मैदान, अंतिम सामना आणि समोर मुंबई. पंडित आता मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते. मुंबईकडे सर्फराज खान होता. त्या हंगामात त्याने सहा सामन्यांत ९८२ धावा केल्या, सरासरी १२२.७५, मर्चंटच्या आकड्यांची आठवण व्हावी असे हे आकडे. अंतिम सामन्यातही त्याने पहिल्या डावात १३४ धावा केल्या. पण दुसऱ्या टोकाने गडी पडत राहिले आणि मुंबईचा डाव ३७४ वर आटोपला. मग मध्य प्रदेशाने फलंदाजी केली ती घाई न करता, दिवसच्या दिवस. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. एकूण ५३६. या तिन्हींपैकी कोणतेही एक शतक खोडून टाका, पहिल्या डावाची आघाडी उरतेच. सामना अनिर्णित राहिला तर करंडक जाणार, म्हणून मुंबईला दुसऱ्या डावात झटपट धावा करणे भाग पडले, आणि झटपट धावा करताना जे होते तेच झाले. सर्फराज अर्धशतकाआधीच बाद झाला, मुंबई २६९ वर संपली. जिंकायला हव्या असलेल्या १०८ धावा मध्य प्रदेशाने चार गडी गमावून काढल्या. कर्णधार होता आदित्य श्रीवास्तव. १९५२-५३ नंतर रणजी करंडक या भूमीत पहिल्यांदाच आला.

आमच्या घरी तो सामना दूरदर्शन संचावर पाहताना सर्फराजचे शतक पुरे झाले तेव्हा नव्वदीतल्या एका ज्येष्ठांनी कपाळावर हात मारून घेतला होता. ओठांवर काय आले असेल हे सांगायला नकोच. चौथ्या दिवशी ते दुपारची झोप टाकून पुढे सरकून बसले, आणि पाचव्या दिवशी शेवटची धाव निघाली तेव्हा त्यांनी विचारले, "त्या मुलाने किती केल्या होत्या?" आम्ही सांगितले, पहिल्या डावात एकशे चौतीस. "आणि तरी हरले?" एवढे म्हणून ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.